अंगाला विचार, लेबलाला नको

अमेरिकेत, हर्नडनमधल्या एका देशी किराणा दुकानाच्या मागच्या फ्रीझर-खोलीत, गोठलेल्या मेथीच्या खोक्यांवर बसून मी आयुष्यातला एक तास चाळीस मिनिटं काढली आहेत. अंगात शिकाऱ्याचे कपडे, डोक्यावर शिकाऱ्याची टोपी, आणि दाराच्या काचेपलीकडे घड्याळ घेऊन उभे असलेले काका. दुकानाच्या मालकाने परवानगी दिली होती, पण ते बायकोला सांगायला तो विसरला होता. पराठ्यांचं खोकं न्यायला बाई आत आल्या आणि झाडाझुडपांच्या रंगाचा सहाफुटी माणूस मेथीवर बसलेला बघून त्यांनी अशी किंकाळी फोडली की बाहेर बिलाच्या रांगेत शांतता पसरली. काका त्यांना म्हणाले, "घबराइए मत, टेस्टिंग चालू है."

मी थंडीने नाही, लाजेने थरथरत होतो. काकांनी मात्र वहीत नोंद केली: 'थरथर. एक तास सात मिनिटं. कारण शोधणे.'

हे काका म्हणजे माझे घरमालक. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये चार वर्षं राहिलो. मूळचे नागपूरचे, उंची पाच फूट तीन इंच. त्यांचं सगळं आयुष्य कापड तपासण्यात गेलं होतं. आधी नागपूरला गिरणीच्या प्रयोगशाळेत, मग अमेरिकेत, आग विझवणाऱ्यांचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीत. कापड भिजवायचं, ताणायचं, घासायचं, जाळायचं आणि ते कधी दम सोडतं ते लिहून ठेवायचं, हे काम. रिटायर झाल्यावर माणसं बागेला पाणी घालतात. काका येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे तपासायचे. पाहुण्याशी हात मिळवला की त्यांची बोटं हळूच त्याच्या बाहीवर सरकायची आणि अंगठा कापड चोळायला लागायचा. पुष्कळ पाहुण्यांचा यावरून गैरसमज होत असे.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. माझ्या जॅकिटकडे बघत म्हणाले, "हे काहून घेतलं?"

"सेलमध्ये होतं."

"लेबलवर काय लिहून आहे?"

"वॉटरप्रूफ."

काका आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तो त्यांनी माझ्या खांद्यावर रिकामा केला. पाणी बनियनपर्यंत पोचायला मोजून वीस सेकंद लागले. "अंगाला विचार, लेबलाला नको," ते म्हणाले, आणि टॉवेल आणायला काकूंना हाक मारली. काकूंच्या हातात टॉवेल आधीपासूनच होता. त्यावरून या घरात हे नेहमीचंच असावं, हे मी ओळखायला हवं होतं. पण खोली चांगली होती.

काका स्वतः कायम सुटात. कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायचा तरी टाय. मी एकदा चेष्टेने विचारलं, "काका, कचऱ्याला इंटरव्ह्यू द्यायचा आहे का?" त्यांनी डबा खाली ठेवला. "माझ्या आज्याला गावात नवं कापड घालायची चोरी होती. दुसऱ्याचं उतरलेलं घालायचं, तेही ठिगळ दिसेल असं. माझ्या बापाने पहिला कोट शिवला तेव्हा आजा त्याच्या बाहीवरून हात फिरवत बसला होता, संध्याकाळपर्यंत. म्हणून बाप्पा, मी कापडाला हलकं समजत नाही." एवढं बोलून ते डबा घेऊन निघून गेले. त्यानंतर आठवडाभर मला त्यांची चेष्टा करवली नाही. मग पुन्हा करायला लागलो, कारण काका त्याला दुसरा इलाजच ठेवत नसत.

शेजारच्या घरात एक म्हातारा अमेरिकन राहायचा. वय अठ्ठ्याहत्तर, बायको गेलेली, जन्मभर प्लंबिंगचं काम केलेलं. उंची माझ्याइतकीच, सहा फूट एक. या उंचीने पुढे माझा घात केला. काकांची आणि त्यांची दोस्ती कुंपणावरून झाली. पहिल्याच दिवशी काकांनी त्यांना सांगितलं होतं की तुमचा शर्ट सुती आहे आणि पावसात तो तुमचा वैरी होईल. म्हातारबुवांना हे आवडलं. बायको गेल्यापासून त्यांच्या शर्टाबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं.

त्यांचा एक जंगलाचा तुकडा होता, दोन तास पश्चिमेला, डोंगरात. तिथे खांबांवर उभारलेली लाकडी खोपटी होती. दरवर्षी थंडी पडली की ते त्या खोपटीत बंदूक घेऊन बसायचे, एक हरीण मारायचे आणि त्यातलं निम्मं काकूंना आणून द्यायचे. काकू त्याचा सावजी रस्सा करायच्या. तो खाताना म्हातारबुवांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते पुन्हा वाढून घ्यायचे.

आता काका पडले बौद्ध. रोज सकाळी पंचशील म्हणायचे, आणि त्यातलं पहिलंच शील म्हणजे जीवहत्या करणार नाही. डास मारायचीही पंचाईत. मी विचारलं, "मग मटण कसं चालतं?"

"मटण मी शिजवलेलं पाहतो," काका म्हणाले. "त्याच्याशी आपली आधीची ओळख नसते."

एका ऑक्टोबरात म्हातारबुवा कुंपणापाशी आले ते चेहरा पाडून. आदल्या हिवाळ्यात खोपटीत बसून त्यांची बोटं बधिर झाली होती, उतरताना शिडी सुटली आणि ते पडले होते. मोडलं काही नाही, पण त्यांची मुलगी नर्स, राहायला ॲरिझोनात. तिने आता फर्मान काढलं होतं की घर विका आणि माझ्याकडे या. म्हातारबुवांनी हातापाया पडून एक संधी मागून घेतली. शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी मुलगी स्वतः येणार. सकाळी चार तास खोपटीत बसून दाखवायचं. सोबतीला कोणी असलं तरी चालेल. पण अकरा वाजता स्वतःच्या पायांनी शिडी उतरायची आणि ती बोटं तपासणार. बोटं गरम असली तर राहा, गार असली तर सामान बांधा.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "यांना या देशात एकच मित्र आहे रे. तो गेला तर हे दिवसभर माझ्या साड्या चोळत बसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वही घेऊन बेसमेंटच्या दारात उभे. "तुझी उंची किती?"

मी सांगितली, आणि पुढचे सहा आठवडे माझे राहिले नाहीत.

काकांचं म्हणणं, थंडीच्या शिकारीसारखी कपड्यांची परीक्षा जगात दुसरी नाही. चालणारा माणूस चालून गरम होतो. शिकारी दगडासारखा बसतो. त्यात खोपटीपर्यंत चढ चढून जायचं, म्हणजे आधी घाम, मग गारठा. अंगाला लागून मेंढीची बारीक लोकर, घाम शोषून घ्यायला. तिच्यावर फुगीर लोकरीसारखा थर, ऊब धरायला. सर्वांत वर पाणी अडवणारं पण आतली वाफ सोडणारं कापड. आणि त्यावर कायद्याने लागणारं भडक नारिंगी जॅकिट, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हाला हरीण समजत नाही. हरणाला नारिंगी रंग वेगळा दिसतच नाही, हे वाचून काका इतके खूश झाले की दोन दिवस येईल त्याला सांगत होते.

"आणि कापूस?" मी विचारलं.

काकांचा चेहरा पडला. "विदर्भाचा माणूस हे कसं बोलू? पण थंडीत कापूस बेइमान आहे. एकदा भिजला की अंगाची ऊब पिऊन घेतो. उन्हाळ्यात त्याच्यासारखा मित्र नाही. सगळेच मित्र सगळ्या ऋतूंत चालत नाहीत."

मग परीक्षा सुरू झाल्या. थंडीची परीक्षा त्या फ्रीझर-खोलीत. पावसाची परीक्षा अंगणात, बागेच्या नळीने. वाऱ्याची परीक्षा पानं उडवायच्या मशीनने, तीन फुटांवरून तोंडावर. आवाजाची परीक्षा सर्वांत वाईट. वॉटरप्रूफ कापड चालताना सळसळतं आणि हरीण पळतं, म्हणून काकूंना हॉलमध्ये डोळे मिटून बसवायचं आणि मी किचनमधून चोरपावलांनी त्यांच्याकडे जायचं. आवाज आला की काकूंनी "आला!" म्हणायचं. सात जॅकिटं या परीक्षेत नापास झाली. आठव्या वेळी मी अगदी खांद्यापर्यंत पोचलो तरी काकू काही बोलल्या नाहीत. काका आनंदाने ओरडले, "हेच!" काकू दचकून जाग्या झाल्या. निकाल रद्द करून परीक्षा पुन्हा घेण्यात आली.

ऑफिसमध्ये मी संध्याकाळच्या दोन मीटिंगा कॅन्सल केल्या होत्या. मॅनेजरने विचारलं, घरी काही प्रॉब्लेम आहे का? काय सांगणार?

शेवटी कपड्यांचे दोन जोड पसंत झाले, एक म्हातारबुवांना आणि एक मला, कारण गाडी मी ड्राइव्ह करणार होतो. पण काकांनी कुठेतरी वाचलं की हरणाचं नाक फार तिखट. त्यांनी कपडे बिनवासाच्या साबणाने तीन वेळा धुतले, अंगणात वाळवले आणि एका झाकणाच्या डब्यात भरून बेसमेंटमध्ये, म्हणजे माझ्या पलंगाखाली ठेवले. वर फर्मान काढलं: शनिवार होईपर्यंत घरात फोडणी बंद. हिंग नाही, लसूण नाही, मोहरी नाही. पंधरा दिवस आम्ही उकडलेली डाळ खाल्ली. काकू पातेलं आदळून म्हणायच्या, "हरणाला डोहाळे लागले आहेत का?"

शनिवारी पहाटे म्हातारबुवांच्या दारात काकांनी डबा उघडला. आणि "अरे बाप्पा" म्हणून खालीच बसले.

सबंध ड्राइव्हवेभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. डब्यात लोकरीच्या प्रत्येक घडीत एक, अशा मोजून बारा पांढऱ्या गोळ्या होत्या. काकू गाऊनवर शाल ओढून बाहेर आल्या आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळेना की झालं काय. "लोकरीचे कपडे आहेत अहो. कसर लागली असती ना! नागपूरहून आणलेल्या गोळ्या आहेत, इथल्यांना दम नाही."

बदलायला दुसरे कपडे नव्हते. म्हातारबुवांनी बाही नाकाला लावून लांब श्वास घेतला आणि म्हणाले की आपल्या आजीच्या कपाटाला असाच वास यायचा. मग त्यांनी ते कपडे अंगावर चढवले. मीही चढवले. निघताना माझं लक्ष काकांकडे गेलं. राखाडी सूट, टाय, खळ घातलेला पांढरा सुती शर्ट आणि वर ते भडक नारिंगी जॅकिट.

"काका, तुमचा जोड कुठे?"

"मी शिकारी नाही. शिकाऱ्याचे कपडे मी घालणार नाही. पहिलं शील आहे."

"मग आतून थर्मल तरी घाला. कोणाला दिसतंय?"

"सुटाची बैठक बिघडते."

मी हसलो आणि गाडी सुरू केली. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलगी ठरल्याप्रमाणे तिथे हजर होती, उंच, बापासारखीच, आणि हसण्याचं नाव नाही. ती खाली गाडीत हीटर लावून बसली. आम्ही तिघं वर खोपटीत. बाहेर उणे आठ. वर चढताना म्हातारबुवांनी काकांना एकच गोष्ट सांगितली होती: "मला डुलकी लागली तर कोपराने ढोस. प्रॉमिस?" काका म्हणाले होते, "प्रॉमिस."

काकांच्या कामाची कमाल अशी की पाऊण तासात म्हातारबुवा गाढ झोपले. एवढी ऊब त्यांना खोपटीत कधी मिळालीच नव्हती. मीही पेंगत होतो. तेवढ्यात काकांनी माझा गुडघा दाबला. समोर, चाळीस पावलांवर, शिंगांचं हरीण उभं होतं. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता, म्हणून डांबरगोळ्यांची बातमी त्याला कळली नव्हती.

काकांनी झोपलेल्या मित्राकडे पाहिलं, हरणाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी लागले. "ढोसलं तर हा मारेल. पहिलं शील जातं."

"मग नका ढोसू."

"प्रॉमिस केलं आहे. नाही ढोसलं तर मी खोटा ठरतो. चौथं शील जातं."

"काका, हरीण थांबणार नाही."

"तू ढोस."

"मी कशाला? तुमचं प्रॉमिस आहे."

हरीण निवांत गवत खात होतं. काकांचं कोपर दोनदा उचललं गेलं आणि दोनदा खाली आलं. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं. मला वाटलं, धर्मसंकट. मग त्यांना शिंक आली. नागपुरी शिंक, आडपडदा नसलेली. हरीण एका उडीत दिसेनासं झालं आणि म्हातारबुवा कूस बदलून पुन्हा घोरायला लागले.

"शिंकेला शील नसतं," काका पुटपुटले. त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मौन धरलं असेल.

अकरा वाजता म्हातारबुवा जागे झाले, आळस दिला आणि स्वतःच्या पायांनी तुरुतुरु शिडी उतरले. त्यांच्यामागे मी. मुलीने त्यांचे हातमोजे काढले, एकेक बोट दाबून पाहिलं, नखांचा रंग पाहिला, थर्मामीटर लावला, पुन्हा लावला. "डॅड, तुझे हात माझ्यापेक्षा गरम आहेत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. म्हातारबुवांनी दोन्ही हात वर केले आणि विजयाने काकांकडे पाहिलं.

काका शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर होते. तिथेच. खाली येत नव्हते, वर जात नव्हते. त्यांची बोटं शिडीच्या दांड्याला जी चिकटली होती ती सुटतच नव्हती. ओठ जांभळे झाले होते.

मुलगी धावत वर चढली. तिने एकेक बोट सोडवून त्यांना खाली उतरवलं, गाडीत घातलं, कोटाची बटणं काढली आणि आतल्या शर्टाला हात लावला. चढावर आलेल्या घामाने तो अजून ओला होता. "कॉटन?" ती ओरडली. शिकाऱ्याची मुलगी होती ती. "उणे आठमध्ये कॉटन?"

काकांचे दात वाजत होते. तरी ते म्हणाले, "साठ... नंबरचं... बारीक सूत आहे."

मी तिथे उभा होतो, डोक्यापासून पायापर्यंत उबदार. सहा आठवडे हा माणूस मला अंगावरचं कापड बघायला शिकवत होता, आणि चार तास खांद्याला खांदा लावून बसूनही त्याच्या अंगावर काय आहे ते मी पाहिलं नाही. त्याची थरथर मी धर्मसंकटात जमा केली. इतकी लाज मला त्या फ्रीझरमध्येही वाटली नव्हती.

म्हातारबुवांनी मात्र तिथेच कपडे काढायला सुरुवात केली. नारिंगी जॅकिट, वॉटरप्रूफ, ऊब धरणारा थर, आणि शेवटी अंगाला लागलेली लोकर. उघड्या अंगाने, उणे आठात. मुलगी "डॅड!" म्हणून किंचाळली. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. काकांचा ओला शर्ट उतरवून त्यांनी तेच कपडे त्यांच्या अंगावर चढवले, आधी लोकर, मग ऊब, मग वॉटरप्रूफ, काकांनी कुंपणावरून शिकवलेल्या क्रमाने. काका कुरकुरले, "शिकाऱ्याचे कपडे..."

"चूप बस," म्हातारबुवा म्हणाले.

मी माझं जॅकिट त्यांच्या उघड्या खांद्यांवर टाकलं. काकांच्या बाह्या हातांच्या पलीकडे वीतभर लोंबत होत्या. तासाभराने त्यांच्या बोटांना रंग आला, तेव्हा कुठे मुलीने श्वास सोडला. "डॅड, तू पास," ती म्हणाली. "यांना मी ॲरिझोनाला घेऊन जाते."

मी हसलो. म्हातारबुवा हसले नाहीत. "हा कुठेही जाणार नाही," ते म्हणाले. "याच्याकडे बघायला मी आहे इथे." मुलीने मान डोलावली आणि थर्मामीटर पर्समध्ये ठेवून दिला.

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "दिव्याखाली अंधार," एवढंच म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा लसणाची फोडणी दिली. ती करताना त्या रडत होत्या, आणि हिंगाने डोळे झोंबतात असं सांगत होत्या.

पुढच्याच आठवड्यात म्हातारबुवा काकांना शिकारीच्या दुकानात घेऊन गेले. पाच फूट तीनच्या मापाचं पुरुषांत काही मिळेना, म्हणून मुलांच्या विभागातून सगळं घेतलं. काकांनी शीलाचा मुद्दा काढला तेव्हा म्हातारबुवा म्हणाले, "तुला मारायला कोण सांगतंय? नुसता बस." यावर काकांना त्रिशरणापासून पंचशीलापर्यंत कुठे आक्षेप सापडला नाही. टाय मात्र त्यांनी सोडला नाही.

आता मी टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतो. इथे थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा पिऊन जाते. पण मोसमाच्या पहिल्या शनिवारी मी दुपारी आठवणीने काकांना फोन करतो. यंदाही केला.

"काय काका, मिळालं का काही?"

"छे. हरीण अगदी शिडीपर्यंत आलं होतं. उतरल्यावर पावलं दिसली."

"मग?"

"मग काय? आम्ही दोघंही झोपलो होतो."